गावाले पाय नसते

बुलढाण्याहून खामगावला निघालं की रस्ता बोथ्याच्या जंगलात शिरतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे जंगल. साग, सालई, पळस, मध्येच सीताफळीची दाट रानं. ज्ञानगंगा नदी याच डोंगरांतून निघते आणि उत्तरेला पूर्णेकडे उतरते. तिच्याच नावाने 1997 मध्ये इथलं सुमारे 205 चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं. अस्वलं पुष्कळ. बिबटे आहेत, रोही आहेत, भेकरं आहेत, तडस आहेत.

या रानात एक तरुण वनरक्षक नेमणुकीवर आला. त्याचं घर पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. तिकडे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोड्या पाण्याची किंमत त्याला कोणी शिकवायला नको होती.

पोरगा हुशार होता. कामाची आवड होती. मातीवरचा ठसा बघून जनावर कोणतं, किती वेळापूर्वी गेलं, हे तो झटकन सांगायचा. झाडावरचा ओरखडा बिबट्याचा की अस्वलाचा, हे त्याला लांबून कळायचं. 2019 च्या अखेरीस टिपेश्वरचा एक तरुण वाघ या जंगलात आला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची सगळी वाट नकाशावर उमटली. यवतमाळमधून निघून, तेलंगणात शिरून, परत फिरून, तेराशे किलोमीटरांहून जास्त चालून तो ज्ञानगंगेत पोचला होता. ही हकिगत पोराने प्रशिक्षणात ऐकली आणि तेव्हापासून त्याची नजर जमिनीवरच असायची.

त्याच्या सोबतीला एक म्हातारा वनमजूर होता. लहानपणी त्याने याच डोंगरात गुरं राखली होती. म्हातारा सावकाश चालायचा. चालता चालता वाकायचा, काहीतरी उचलायचा, उलटसुलट करून बघायचा आणि जिथून उचललं तिथेच परत ठेवायचा. पोराला याची गंमत वाटायची.

एकदा त्याने विचारलं, "बाबा, काय सापडलं?"

"माणूस," म्हातारा म्हणाला.

त्याच्या हातात खापराचा तुकडा होता. बोटाएवढा. त्यावर एक बारीक रेघ होती. ओल्या मडक्यावर कोणीतरी काडी फिरवली होती.

पोरगा हसला. "माणसं बघायला जंगलात कशाला यायचं? ती गावात मिळतात की."

म्हातारा काही बोलला नाही. त्याने तुकडा खाली ठेवला. रेघेची बाजू आधी जमिनीकडे होती, तशीच ठेवली.

पुढच्या साली पावसाने दगा दिला. पोळ्यानंतर आभाळ कोरडंच राहिलं. माघात नाले आटले, होळीपर्यंत डोहांतली ओलही गेली. खात्याने सिमेंटचे बशीसारखे उथळ पाणवठे केलेले होते. टँकर यायचा, ते भरायचा. पण जंगलाच्या एका टोकाला टँकर पोचत नव्हता. मध्ये दोन नाले आणि एक चढण. तिकडची जनावरं खाली शेतांकडे सरकायला लागली. रोही तुरीच्या खळ्यावर आले. अस्वल गावाच्या अंगणात दिसलं. अस्वल आणि माणूस अंधारात समोरासमोर आले की काय होतं, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

वरिष्ठांनी विचारलं, "त्या टोकाला पाणी कुठे लागेल? जागा दाखवा. खोदायला माणसं देतो."

पोराला वाटलं, हे तर आपलंच काम. जनावरांच्या सगळ्या पायवाटा त्याला पाठ होत्या. त्या जिथे एकत्र येतात तिथे पाणी असणार. तो निघाला. वाटा एका नाल्याच्या वळणावर उतरत होत्या. वाळूत रानडुकरांनी उकरलेले खड्डे होते, भोवती ठसेच ठसे. त्याने तिथे झिरा खोदायला लावला. गुडघाभर खाली ओल लागली, मग पाणी आलं. सगळे खूश झाले. आठवडा गेला आणि झिरा आटला. आणखी खोदलं. खाली खडक लागला. दुसरी जागा बघितली, तिथेही तेच झालं.

पोरगा नाल्याच्या काठावर बसून राहिला. म्हातारा शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, जनावराच्या मागं जाऊन वैशाखातलं पाणी भेटत नसते."

"का?"

"जनावराले पाय असते. आज इथं पाणी हाये, ते इथं येते. आटलं, का दुसरीकडं जाते. तुमचा तो वाघ पाहा न, किती चालला. त्याचा माग आजचं पाणी सांगते. पण गावाले पाय नसते. जिथं गाव बसलं, तिथं वैशाखातही पाणी होतंच. नाही तं ते बसलंच नसतं."

"इथे कुठलं गाव?"

"मी इतके दिवस काय उचलून पाहू राहिलो?"

पोरगा गप्प झाला. मग त्याला काहीतरी आठवलं. त्याच्या गावाकडे, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठावर भोन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केलं होतं. दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली, विटांचा स्तूप निघाला. त्याने ते म्हाताऱ्याला सांगितलं. म्हणाला, "आणि विहिरी निघाल्या, बाबा. मातीच्या भाजलेल्या कड्या एकावर एक रचून केलेल्या. कितीतरी."

"पाह्यलं न," म्हातारा म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले. त्या दिवशी पोरगा मागे होता आणि म्हातारा पुढे.

चढणीवर एका ठिकाणी उघडा खडक होता. पोरगा त्यावरून कितीदा तरी गेला होता. म्हाताऱ्याने पाचोळा पायाने बाजूला सारला. खडकात दोन लांब घळी होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या. काळा पाषाण लोखंडी धावेने झिजायला किती गाड्या लागल्या असतील, याचा हिशोब पोराने मनात करून बघितला आणि सोडून दिला.

चाकोरी ज्या दिशेला जात होती त्या दिशेला ते गेले. पुढे दगडांची एक ओळ लागली, कमरेखालची, मोडलेली. शेताचा बांध. बांधाच्या अलीकडे लहानमोठी, वेडीवाकडी झाडं होती. पलीकडे सगळे साग एका जाडीचे होते. "एकाच वेळी उगवले हे," पोरगा आपण होऊन म्हणाला. "तोवर इथे नांगर चालत असणार." म्हाताऱ्याने मान हलवली.

मग तीन चिंचा दिसल्या. चिंच काही या रानातलं झाड नव्हे. चिंचांच्या पुढे एक कडुनिंब. तिथून माती बदलली. तोवर तांबूस मुरूम होता, आता पायाखाली पांढुरकी, भुसभुशीत माती आली. मातीच्या भिंती आणि चुलीची राख पिढ्यान्पिढ्या मुरली की अशी माती होते. तिला पांढरी म्हणतात हे पोराला माहीत होतं. त्याच्या गावातही पांढरी होती. पण तिच्यावर घरं होती. इथे नुसता तरोटा वाळून उभा होता.

आता पोराला सगळीकडे दिसायला लागलं. खापरं. हिरव्या काचेचा बांगडीचा तुकडा. जात्याची खालची तळी, फुटलेली. एका सपाट दगडात वीतभर खोल उखळ. त्यात पाचोळा आणि एक मेलेला भुंगा. उखळाचा काठ एका बाजूने जास्त झिजला होता. कांडणारी त्या बाजूने बसत असावी. मुसळ उजव्या हाताचं की डाव्या, हेही म्हाताऱ्याने सांगितलं असतं, पण पोराने विचारलं नाही. त्याला विहीर हवी होती.

मधोमध मारुती होता. शेंदूर धुऊन गेलेला, नाक झिजलेलं. भोवतीचा पार ढासळला होता. पारापाशी एक खड्डा होता, अलीकडचा, पहारीने खणलेला. गुप्तधनवाले रात्री येऊन गेले होते. खड्ड्यात गुटख्याची पुडी आणि एक लिंबू पडलं होतं.

"काही सापडलं असेल का त्यांना?" पोराने विचारलं.

"कसं सापडीन? ते खाली पाहत होते, बाजूला पाह्यलंच नाही."

पोरगा विहीर शोधायला निघाला. उतार सरळ नाल्याकडे जात होता, तो सरळ खाली उतरला. झाडोरा, दगड, पुन्हा नाला. काही नाही. वर आला. दुसऱ्या बाजूने उतरला. काही नाही. घामाघूम होऊन परत आला तेव्हा म्हातारा पाराच्या पायरीवर बोट फिरवत बसला होता.

"इथं हात लावून पाहा."

पायरीच्या कडेला एक लांब दगड बसवलेला होता. बाकीचे दगड ओबडधोबड, हा मात्र घडीव. त्याच्या एका कडेवर खाचा होत्या, गुळगुळीत. बोट आत बसावं एवढ्या खोल. पोराने बोट घातलं. ही खाच छिन्नीची नव्हती.

"दोराची," तो म्हणाला.

"दोराची. पाणी ओढू ओढू. हा विहिरीच्या काठाचा दगड हाये."

"मग इथे कसा आला?"

"ते मागून पाहू. आधी विहीर. तुम्ही सरळ उतरले. रिकामा माणूस सरळ उतरते साहेब. बाईच्या डोक्यावर दोन घागरी राह्यते. ते वळसा घेते."

मग ते बायकांच्या चालीने उतरले. पारापासून तिरपं, चिंचेला उजवीकडे ठेवून, चढ लागणार नाही असं. जिथे पाय घसरेल तिथे सपाट दगड रोवलेले होते. पाचोळ्याखाली ते सापडत गेले, एका पावलाच्या अंतराने. शेवटचा दगड घाणेरीच्या जाळीत शिरला. जाळीच्या आत उंबर होता. कोयत्याने जाळी तोडली तेव्हा उंबराची मुळं एका गोल बांधकामाला धरून बसलेली दिसली. घडीव दगडाची विहीर. काठापासून हातभर खालपर्यंत दगडांनी भरलेली.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. वरचे दगड निघायला लागले तसे त्यातल्या एकाने हात थांबवले. दगड ढासळून आत पडलेले नव्हते. खाली मोठे, वर लहान, सांध्यात चिपा. रचून भरलेले. विहीर बुजली नव्हती, बुजवली होती.

मजूर बाहेर आले. म्हणाले, "आम्ही नाही उतरत. काहीतरी कारण असंन."

पोराने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने त्याला गावाच्या कडेला नेलं. तिथे वेशीच्या बाहेर एक लहानसं ठाणं होतं. मरीआईचं. बाकी गावात चुन्याचा कण नव्हता, या ठाण्यावर मात्र चुन्याचे पापुद्रे अजून चिकटून होते. गाव उठण्याआधी सगळ्यात शेवटी बांधलेली वस्तू ती असावी.

"पटकी आली असंन," म्हातारा म्हणाला. "जुन्या काळी लय यायची. माणसं मरायची, मंग पाण्यावर संशय यायचा. विहीर बुजवली, मरीआई बसवली अन् गाव उठलं. तरीबी..."

"तरीही काय?"

"विहीर वाईट, असं मनापासून वाटलं असतं, तं तिचा दगड देवापाशी कायले आणून ठेवला असता? कोणाले तरी वाटलं असंन, पुढं कधी कोणी येईन. त्याले कळावं, का इथं पाणी होतं."

हे खरं की म्हाताऱ्याच्या मनाचं, कोण सांगणार? दगडावर तेवढं लिहिलेलं नव्हतं. पण मजुरांनी ते ऐकलं आणि ते परत कामाला लागले. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही. मग एकेक माणूस उतरला.

दगड निघाले, मग गाळ निघाला. गाळात मडक्यांचे तुकडे इतके निघाले की काठावर ढीग झाला. दोर तुटला, घागर पडली, घरी जाऊन बोलणी खाल्ली, असं किती जणींचं झालं असेल. एक लोखंडी गळही निघाला, पडलेली घागर वर काढायचा. तो स्वतःच पडून राहिला होता. मजूर हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे हसणं ऐकू आलं.

एका संध्याकाळी तळाच्या एका बाजूने ओल दिसली. झरा उसळला वगैरे काही नाही. कपारीतून पाणी पाझरत होतं, एवढंच. सकाळी बघितलं तर गुडघाभर साठलं होतं. उपसलं, पुन्हा साठलं. बाटली भरून तपासायला पाठवली. तपासणीत पाणी चांगलं निघालं. तेव्हा पोराने ओंजळभर प्यायलं. खारपाणपट्ट्यातला पोरगा तो, ओंजळ तोंडाशी धरून बराच वेळ उभा राहिला.

काठ उंच बांधून घेतला, जनावर आत पडू नये म्हणून. बाजूला कुंडी केली. रोज संध्याकाळी दोघं दोर लावून कुंडी भरायचे. वैशाख गेला, ज्येष्ठ आला, पाझर चालू होता. अस्वलं गावाकडे उतरायची थांबली नाहीत, पण कमी झाली.

काम संपल्यावर पोराच्या मनात आलं, तो खाचांचा दगड विहिरीवर परत बसवावा. किंवा न्यावा तरी कार्यालयात, लोकांना बघायला ठेवावा. त्याने दोन मजूर घेतले आणि पारावर गेला. म्हातारा तिथेच होता.

"साहेब, असू द्या."

"अहो, हा विहिरीचाच दगड आहे ना? तिथेच नको का?"

"तुम्हाले विहीर कशानं भेटली?"

"या दगडाने."

"तुम्ही बदली होऊन जासान. मी काही राहत नाही. खात्यात नवी माणसं येतीन. दोन-चार वर्षं पाऊस चांगला झाला, का विहिरीचं काम पडणार नाही. घाणेरी पुन्हा येईन. मंग एखादं वर्ष यंदासारखं लागलं, का कोणी तरी पाणी पाहत इथं येईन. त्यानं कायले हात लावून पाहायचा?"

पोराने मजुरांना परत पाठवलं. विहिरीतून निघालेल्या खापरांचा ढीगही त्याने विहिरीच्या काठाशीच राहू दिला. आपल्या वहीत मात्र त्याने पहिल्यांदाच एक वेगळी नोंद केली. आजवर त्या वहीत ठसे, विष्ठा, ओरखडे एवढंच असायचं. आता त्याने चाकोरीपासून लिहायला सुरुवात केली: चाकोरी, बांध, चिंचा, पांढरी, उखळ, मारुती, दगड, वळसा, विहीर. जसं सापडलं त्या क्रमाने.

गोष्ट एवढीच. विदर्भात अशा जागांना रिठी म्हणतात. माणसं उठून गेलेली, पण महसुली दप्तरात नाव शिल्लक असलेली गावं. रानात हिंडताना आपण त्यांच्यावरून चालतो आणि म्हणतो, इथे माणसाचा मागमूस नाही. माग असतो. पण एका खापराने काही कळत नाही. ते चिंचेजवळ आहे की नाल्यात वाहून आलंय, पांढरीवर आहे की मुरमावर, यावरून कळतं. ते खिशात घालून घरी आणलं की घरी येतो तो मातीचा तुकडा. पाण्याचा पत्ता मागेच राहतो. गुप्तधनवाल्यांना आपण नावं ठेवतो. पण आठवण म्हणून जुनं काहीबाही उचलून आणणारे आपणही फार वेगळं करत नाही.

तेव्हा ज्ञानगंगेत गेलात, किंवा लोणारच्या विवरात पडक्या देवळांमधून फिरलात, आणि पायाखाली काही लागलं, तर वाका. उचला, हातात घेऊन नीट बघा. सोबत मूल असेल तर त्याच्याही हातात द्या. मग ते जसं पडलं होतं तसं, त्याच जागी ठेवा. फोटो काढायचा तर आजूबाजूच्या झाडांसकट काढा आणि जवळच्या वनरक्षकाला दाखवा. एखाद्या उन्हाळ्यात त्याला त्याचा उपयोग होईल.